रिसोडात ते तीनदाच वाजतं

गाण्यातली बाई "टाइम तो बता" असं एकदाच म्हणाली आणि पुढच्या कडव्याला लागली. कमरुन्निसाच्या अंगणातल्या बायका मनगटावर दोन बोटं आपटत तशाच उभ्या राहिल्या. गाणं पुढं गेलं, बायका मागं राहिल्या. गोजराबाईनं तर सवयीनं गिरकी घेतली आणि सरळ कुलरवर जाऊन आदळली.

"अवं माय! हे काय झालं वं कमरू? गान्यानं उडी मारली का?"

"गान्यानं नाई मारली. ह्या पोट्ट्यानं काईतरी केलं." कमरुन्निसानं कमरेवर हात ठेवले. "शहबाज! काय लावलं तू?"

शहबाज तिच्या बहिणीचा पोरगा. पुण्याला नोकरीला. मावसबहिणीच्या लग्नासाठी सुट्टी काढून आला होता आणि सोबत एक काळी पेटी, एक हेडफोन आणि भरपूर शहाणपण घेऊन आला होता. पुण्यात राहून माणसाला नवे कान फुटतात का ते माहीत नाही, पण आपल्याला फुटलेत आणि बाकीच्यांना नाहीत, अशी खात्री मात्र होते.

"खाला, तेच लावलं. 'नायलॉन' अल्बम, दुसरं गाणं. एकदम ओरिजिनल. कंपनीनं मूळ टेपवरून नव्यानं काढलं आहे. ह्याच्याइतकं स्वच्छ तुम्ही जन्मात ऐकलं नसेल."

"स्वच्छ हाये तर मंग बाकीचं कुठं गेलं? हॉर्न कुठं हाये? अन् टाइम एकदाच काहून इचारते ते?"

"कसला हॉर्न?" शहबाजनं विचारलं.

अंगणातल्या झाडून साऱ्या बायका त्याच्याकडं अशा पाहायला लागल्या, जसं त्यानं बिर्याणीत मटण कशाला घालतात असं विचारलं होतं.

'नायलॉन' हे काय प्रकरण आहे ते सांगायला पाहिजे. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका बाईनं, मिस शर्ली तिचं नाव, हिंदी पॉप गाण्यांची एक तबकडी काढली. कव्हरवर ती चंदेरी पँट घालून स्कूटरला टेकून उभी. शहाणी माणसं समजतात की असलं पॉपबिप म्हणजे कॉलेजातल्या गोऱ्या पोरापोरींचा माल, आणि आपल्याकडच्या माणसाच्या वाट्याला भजन नाहीतर तमाशा. ही अक्कल ज्यांनी वाटली त्यांनी तेव्हा रिसोडच्या बाजारात एक चक्कर मारायला हवी होती. भाजीच्या दुकानात शर्ली, पंक्चरच्या दुकानात शर्ली, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या लग्नात शर्ली. सेवालालचा बँड तर वरातीत तिच्याशिवाय पाऊल उचलत नव्हता. आणि हे सगळं एका माणसाच्या हातून गेलेलं. बसस्टँडसमोर 'चांद रेकॉर्डिंग' नावाचं खोक्याएवढं दुकान होतं, तिथून. चांद म्हणजे कमरुन्निसाचा नवरा. कोरी कॅसेट घेऊन जायची, चांद गाणी भरून द्यायचा. 'नायलॉन'ची तबकडी साऱ्या तालुक्यात त्याच्या एकट्याजवळ होती, अकोल्याहून जुनी विकत आणलेली.

त्या अल्बममधलं दुसरं गाणं म्हणजे घड्याळवाल्याचं. एक पोरगी रस्त्यानं जाणाऱ्या घड्याळवाल्या पोराला अडवते आणि टाइम विचारते, एवढंच. टाइम तिला नको असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रिसोडच्या बायकांनी त्यावर नाच बसवला होता. आधी एसटीचा हॉर्न वाजतो, पों-पों. त्यावर मागं वळून पाहायचं. मग बाई म्हणते, "टाइम तो बता, टाइम तो बता, टाइम तो बता." तीनदा. त्या तिन्हीवर दोन बोटांनी मनगट ठोकायचं. नंतर ढोल उसळतो, तेव्हा गिरकी. गल्लीतल्या कुठल्याही पोरीची मेहंदी असो, हळद असो, पोरगी खाटकाची असो का माळ्याची, ह्या नाचाशिवाय ती सासरी गेली नव्हती. शिकवणारी कमरुन्निसा. आणि आता तिची स्वतःची शेवटची पोरगी, अनम, उजवायला आली होती. मेहंदी परवावर, आणि गाणंच बदललेलं.

"नेहमीची कॅसेट लावा की मग," अनम म्हणाली. तिला कसलंच टेन्शन नव्हतं. लग्न तिचं होतं आणि तोंडं दुसऱ्यांची उतरत होती.

"नेहमीच्या कॅसेटीचा फितडा निघाला तुह्या भावाच्या लग्नात. डीजेवाल्यानं गुंडाळून देल्ला माह्या हातात, शेवयांवानी."

"बरंच झालं ना," शहबाज म्हणाला. "खाला, राग मानू नका, पण तुमचं गाणंच चुकीचं आहे. मी आत्ता ऐकवलं ते खरं. शर्ली टाइम एकदाच विचारते. हॉर्नबिर्न काही नाही. तुमच्या कॅसेटमध्ये कुणीतरी अडाण्यासारखं रेकॉर्डिंग केलं आणि तुम्ही चाळीस वर्षं त्यावर नाचलात."

साऱ्या बायकांची नजर ओसरीकडं गेली. कारण 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते पोरासोरांना ठाऊक होतं. आणि तो कुणीतरी तिथंच, ओसरीत, उलट्या मिक्सरच्या पोटात स्क्रू पिळायचा पेचकस घालून बसला होता. कॅसेटी गेल्या तसं चांदचं दुकान घरात आलं होतं. आता तो मिक्सर, कुलरच्या मोटारी आणि मोबाइलचे चार्जर बघायचा. त्यानं मान वर केली नाही.

कमरुन्निसा मात्र पेटली. घरात त्यांच्या हिंदी-उर्दू चालायची, पण ती रिठद गावची. भांडायला उभी राहिली की रिठदचीच व्हायची.

"अडानी? तुहे खालू अडानी? अरे, ह्या मानसानं भरलेली कॅसेट लोकं वाशीमहून घ्यायले येत होते! जऊळक्याच्या टेसनवर गाडीची वाट पाहून राह्यलेली मानसं ह्याहीच्या कॅसेटी आयकत होती! तिकडं पुन्यात हजार मानसं आयकत असतीन त्या फोनवर, अन् आमी हितं लाख जनं नाचलो ह्याहीच्या गान्यावर. मंग खरं कोनतं रे? जे कोनी नाचलंच नाई ते?"

"खाला, खरं-खोटं मतावर नसतं. आवाज मोजता येतो."

"मोज मंग! मोजून दाखव! काहो, अनमचे अब्बा, ते तबकडी हाये नं कपाटात?"

चांद मिक्सरमध्येच बोलला. "हाये. पन कायले आता?"

"कायले म्हंजे? तुमच्या नावावर हा कालचा पोट्टा शेन टाकून राह्यला अन् तुमी कायले म्हनता! आना बाहीर!"

"राहू दे नं वं. लावा पोरगा म्हनते ते गानं. एकदा ठोकाचं मनगट. दोनदाची मेहनत वाचली."

ह्यावर गोजराबाई खळखळून हसली. ती गल्लीच्या टोकाला राहायची, मागं तिचा भाजीचा मळा. रोज सकाळी वांगी, पालक, कोथिंबीर घेऊन बाजारात बसायची, आणि कमरुन्निसाशी तिची मैत्री म्हणजे दिवसातून एकदा भांडण आणि दोनदा चहा. "पाह्य वं कमरू, तुहा बुढा लढाईच्या आंधीच हारला!"

कमरुन्निसाला ते लागलं. नवरा भांडत नाही हे तिचं जुनंच दुखणं. त्या माणसानं लग्नात सासऱ्याशी वाद घातला नाही, गिऱ्हाइकाशी घातला नाही, एकदा तर दुकानात चोरी झाली तेव्हा चोराशीसुद्धा घातला नाही. त्याच्यावर तिचा एकच ठेवणीतला आरोप होता आणि तो ती आल्यागेल्याला ऐकवायची: लग्नाच्या आधी, ओळख ना पाळख, तेव्हा ती रिठदहून एसटीनं कॅसेट भरायला आली होती, तर ह्या माणसानं तिला उद्या या, उद्या या म्हणून चकरा मारायला लावल्या. "असा कामचुकार!" असं म्हणून ती पदर झटकायची. "अन् बापाले ह्या चकराइचं काई ठाव नाई, फुप्पीनं, बापाच्या बहिनीनं, स्थळ आनलं तर हाच! मी म्हनलं, या अल्ला, हा तर निकाहलेही उद्या या म्हनन!"

पण कामचुकार म्हणायचा हक्क तिचा होता. पुण्याच्या पोराचा नव्हता.

तबकडी बाहेर आली. कव्हरच्या कडा झिजल्या होत्या, शर्लीची पँट चंदेरीची राखाडी झाली होती. सोबत चांदचा जुना रेकॉर्ड प्लेअरही आला, मलमलच्या कपड्यात गुंडाळलेला. शहबाजनं तबकडी दोन्ही तळहातांच्या कडांवर अशी धरली, जसं काही तान्हं पोर आहे, आणि उन्हाच्या तिरिपीत वाकडी करून पाहिली. मग त्यानं ती खालाच्या नाकासमोर आणली.

"हा ओरखडा दिसतो?"

"दिसते. मंग? माह्या कपाळावरही हाये एक."

शहबाजनं सुई ठेवली. खर्रर्र झालं, आणि शर्ली गायला लागली. आणि खरं सांगायचं तर अंगणातल्या बायका क्षणभर भांडण विसरल्या. फोनमधली शर्ली धुऊन इस्त्री केलेली होती. ही शर्ली स्वयंपाकघरातून हात पुसत आल्यासारखी. पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. हॉर्न वाजला नाही. कमरुन्निसाचा चेहरा पडला. मग ती ओळ आली.

"टाइम तो बता."

ठक्.

"टाइम तो बता."

ठक्.

"टाइम तो बता."

"पाह्य! पाह्य!" कमरुन्निसा ओरडली. "तीनदा!"

"टाइम तो बता," शर्ली म्हणाली. ठक्. "टाइम तो बता." ठक्. "टाइम तो बता."

ती थांबेचना. मनगटं ठोकणाऱ्या बायका दमल्या, मग हसल्या, मग हसायच्याही थांबल्या. शहबाजनं सुईला हलकं बोट लावलं. ती ओरखड्यावरून पुढं सरकली आणि ढोल उसळला.

"सुई अडकते," तो म्हणाला. आवाजात विजय होता, पण आता त्याला त्याची थोडी लाजही वाटत होती. "ओरखड्यात सुई अडकली की तोच तुकडा फिरत राहतो. शर्लीनं तीनदा म्हटलेलंच नाही, खाला. खालूंनी कॅसेट भरताना सुई अडकली, त्यांनी ती ढकलली, आणि तसंच भरलं गेलं. त्यावरून साऱ्या कॅसेटी निघाल्या. बस, एवढंच आहे. खराबी."

एवढंच. चाळीस वर्षांच्या लग्नांमध्ये, बारशांमध्ये, हळदीच्या वेळी नाचलेली ती ओळ म्हणजे एक ओरखडा. कमरुन्निसा खाटेच्या काठावर बसली. अनमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिनं तो झटकला नाही, आणि हे वाईट लक्षण होतं. गोजराबाईनं पाण्याचा गिलास आणला. कुणीतरी, बिचारीनं चांगल्या मनानंच, म्हटलं, "जाऊ दे कमरूआपा, एकदावालंच बसवू. उद्याच्याला शिकून घेऊ."

उद्या हा शब्द ऐकून म्हणा किंवा कशानं म्हणा, कमरुन्निसानं मान वर केली.

"शहबाज."

"जी."

"सुई अडकली तं आपोआप सुटत नाई नं?"

"नाही. कुणीतरी हात लावावा लागतो."

"आता तू कितीदा वाजू देल्लं?"

"मी तुम्हाला दाखवत होतो म्हणून. नाहीतर पहिल्याच ठक्‌ला सरकवली असती."

"हां." ती उठली. "मंग तीनदा काहून? पहिल्याच ठक्‌ले काहून नाई? अरे, हा मानूस असा हाये का पंख्यानं जरासा कट्ट आवाज केला तं झोपीतून उठते! मिक्सरमंदी एक दाना अडकला तं ह्याले दुसऱ्या खोलीत कळते! दूध उतू जाच्या आंधी गॅस हाच बंद करते, मी नाई. अन् ह्याच्या डोयापुढं सुई अडकली, अन् हा तीनदा आयकत बसला?"

ती ओसरीकडं वळली. सगळ्या बायका वळल्या. चांदच्या हातातला पेचकस मिक्सरच्या पोटात होता, पण फिरत नव्हता.

"काहो? काय करून राह्यले होते तवा?"

"आता काय याद हाये," चांद म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते. ज्या माणसाला काही आठवत नाही त्याचे कान लाल होत नाहीत.

"पह्यली कॅसेट कुठं हाये? ज्याच्यावरून सगळ्या भरल्या ते?"

"फेकून देल्ली अशीन."

"तुमी? तुमी तं फुटका बल्ब फेकत नाई!"

चांद उठला. आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या एका हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता आणि दुसऱ्या काखेत कॅसेट वाजवायचा जुना डेक. डब्यात कापसाच्या गादीवर एक कॅसेट. शहबाजनं डेक उघडून आत डोकावलं. आतला रबरी पट्टा कोरा करकरीत होता. चाळीस वर्षांच्या यंत्रात नवा पट्टा कसा, हे त्याला विचारायचं होतं. त्यानं खालूंकडं पाहिलं आणि विचारलं नाही. पुण्याला गेला तरी इतकी अक्कल त्याच्यात शिल्लक होती.

"तवा रेकॉर्ड अन् टेप जोडाचा वायर नव्हता मिळत रिसोडात," चांद जमिनीकडं पाहत म्हणाला. एवढं लांब वाक्य बोलायची वेळ त्याच्यावर महिन्यातून एकदा यायची. "अकोल्याहून यायचा होता. म्हनून रेकॉर्डच्या भोंग्यासमोर टेप ठेवला, आन् भरलं. दुकानात जो आवाज झाला तो समदा आत गेला. हॉर्न तसाच आला. वायर आल्यावर पुन्हा भराचं होतं."

"मंग काहून नाई भरलं?"

"लोकाइले हेच आवडलं," चांद म्हणाला. हे खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं.

शहबाजनं डेक त्याच्या काळ्या पेटीला जोडला, पेटीला हेडफोन जोडला आणि कानाला लावला. बायका त्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या, कारण ऐकू त्याला एकट्याला येत होतं.

त्याच्या चेहऱ्यावर आधी कंटाळा होता. मग तो सावध झाला. "बापरे," तो स्वतःशीच म्हणाला. "अख्खं बसस्टँड आहे आत. चनेवाला आहे. कंडक्टर ओरडतोय. रिठद... रिठदची गाडी आली." पों-पों झालं असावं, कारण तो दचकून मागं वळला आणि बायका खदखदल्या. "थांबा, थांबा. गाणं चालू आहे. टाइम तो बता. चपलांचा आवाज. कुणीतरी दुकानात आलं. टाइम तो बता. टाइम तो..."

तो थांबला. त्यानं बटण दाबून कॅसेट मागं घेतली. पुन्हा ऐकली. पेटीवरची एक कळ फिरवून गाण्याखालचा दबका आवाज वर आणला, पुन्हा ऐकली. आणि मग त्याच्या तोंडावर असं हसू आलं की अनमनं त्याच्या डोक्यात टपली मारली. "भाई, सांग ना!"

शहबाजनं हेडफोन काढला आणि खालाच्या कानांवर ठेवला, तिच्या डोक्यावरच्या पदरावरूनच.

कमरुन्निसानं डोळे मिटले. हॉर्नवर तिची मान वळली. पहिल्या "टाइम तो बता"वर तिची बोटं मनगटावर आपटली, दुसऱ्यावर आपटली. तिसऱ्यावर हवेतच राहिली.

"कोन पोरगी हाये वं ही?" ती मोठ्यानं म्हणाली. कानात हेडफोन असलेलं माणूस ओरडतंच. "गान्याच्या मधात बोलून राह्यली! भाईजान, हे कॅसेट भरून भेटन का म्हनते. कवा भेटन म्हनते. काय तोंडाळ हाये! मानूस काम करून राह्यला, दिसत नाई का तिले..."

मग सुई सरकल्याचा आवाज आला असेल. ढोल उसळला असेल. आणि त्या ढोलाखाली, बाजारातल्या कुठल्याही भोंग्यातून आजवर कुणाला ऐकू न आलेला, एका तरण्या पुरुषाचा दबलेला आवाज: "उद्या या."

हा आवाज कमरुन्निसाला ओळखायला वेळ लागला नाही. मिक्सर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो आवाज अजूनही रोज तेच सांगायचा. आणि तो आवाज ओळखला तशी ती पोरगीही तिला ओळखू आली.

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. अंगणात सगळ्यांना वाटलं, आता हिचं तोंड सुटणार. नाही सुटलं.

"काय हाये वं?" गोजराबाईनं तिच्या मांडीवरून हेडफोन ओढला. "दे इकडं." शहबाजनं तिच्यासाठी कॅसेट मागं घेतली. गोजराबाईनं ऐकलं आणि खाटेवर आडवीच झाली. "भाईजान! अवं माय वं! हिनं नवऱ्याले भाईजान म्हनलं! कमरू, तुह्या तोंडाले काई लगाम होता का नाई तवाही!"

मग हेडफोन ह्या कानावरून त्या कानावर फिरला आणि अंगणात एकच गदारोळ झाला. त्या गदारोळातून वाट काढत कमरुन्निसा ओसरीच्या पायरीशी गेली.

"त्या रोजी दुकानात दुसरं काई काम होतं का तुमच्याजवळ?"

चांदनं मान हलवली. "नाई."

"कोरी कॅसेट मी आनली होती. गानं वाजूनच राह्यलं होतं. बटन दाबलं असतं तं भरली असती तिथंच."

"भरली असती."

"मंग उद्या या काहून म्हनलं?"

चांदनं पेचकस खाली ठेवला. तो फार हळू बोलला, पण अंगण आता इतकं गप्प झालं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"उद्या तू पुन्हा आली असती म्हनून."

कमरुन्निसा उभी राहिली. इतकी वर्षं आल्यागेल्याला सांगितलेला आरोप तिच्या हातातून गेला होता, आणि त्या जागी आता काय धरावं ते तिला कळेना.

"अन् फुप्पी? ते स्थळ?"

"फुप्पीले मीच धाडलं होतं."

"अन् आजपर्यंत सांगतलं नाई!"

"तू भाईजान म्हनली होती," चांद म्हणाला. "काय सांगू?"

आणि ती हसली. आधी नाकातून, मग डोळ्यांतून, मग पायरीवर बसून, पदर तोंडावर धरून. अनम म्हणते की अम्मी रडत होती. असेलही. दोन्ही एकदम करणारी बाई होती ती.

नंतर कोणतं गाणं लावायचं हा वादच राहिला नाही. दुसराच वाद निघाला. कमरुन्निसाचं म्हणणं, हीच कॅसेट लावायची, हॉर्न ठेवायचा, तीनदा ठेवायचं, 'उद्या या' पण ठेवायचं. फक्त ते भाईजान तेवढं पुसून टाकायचं. लोकं काय म्हणतील.

"अजिबात नाही," शहबाज म्हणाला. हाच पोरगा दुपारपर्यंत त्या कॅसेटला खराबी म्हणत होता. "हे मूळ आहे, खाला. ह्याला हात लावायचा नाही."

"अरे एक शब्द! तुह्या पेटीत होत नाई का?"

"होतं. पण करणार नाही."

"पुन्याले गेला अन् हट्टी झाला," ती गोजराबाईला म्हणाली, पण तिच्या आवाजात राग कुठं सापडेना. शहबाजनं उलट कळ फिरवून फिरवून ते दोन दबलेले आवाज जरा वर काढले. चनेवाल्यालाही वर काढला. राहू दे म्हणाला, त्याचाही हक्क आहे.

मेहंदीच्या संध्याकाळी अंगणात मांडव होता. मधे पडदा, पडद्याच्या ह्या बाजूला बायका, त्या बाजूला पुरुष आणि चहा. अनमच्या दोन्ही हातांवर मेहंदी ओली, आणि कमरुन्निसाच्याही. गल्लीतल्या पोरींनी तिला जबरदस्तीनं बसवून, कोपरापर्यंत, नवरीसारखी लावली होती. तिला मनगट ठोकता येणार नव्हतं. ती मधोमध नुसती उभी राहिली, हात पुढं धरून.

शर्ली गायला लागली. पों-पों झालं, झाडून साऱ्या वळल्या. "टाइम तो बता." पंचवीस-तीस मनगटं. "टाइम तो बता." पुन्हा. "टाइम तो बता." आणि मग कुणी काही ठरवलेलं नसताना सगळ्या बायका थबकल्या. गिरकी घ्यायची सोडून कान देऊन उभ्या राहिल्या. भोंग्यातून रिठदची ती तोंडाळ पोरगी बोलली, "भाईजान, हे कॅसेट भरून भेटन का? कवा भेटन?"

कॅसेटमधला पोरगा उत्तर देणार, त्याच्या अर्धा श्वास आधी पडद्याच्या पलीकडून एक म्हातारा आवाज आला, मोठ्यानं, साऱ्या सोयऱ्यांच्या देखत, ज्या आवाजानं चोराशीही कधी वाद घातला नव्हता:

"उद्या या!"

पुरुषांच्या बाजूला हशा उसळला. बायकांच्या बाजूला शिट्टी वाजली, ती गोजराबाईची होती. ढोल सुरू झाला होता, पण कमरुन्निसाचा आवाज ढोलाला कधीच ऐकत नसे.

"उद्या पोरगी चालली माही!" ती पडद्याकडं तोंड करून ओरडली. "उद्याचं काई सांगू नका आता! आजच या!"

पडदा हलला. कुणीतरी पलीकडून ढकललं असावं, कारण चांद आला तो जरा धडपडतच आला. नव्या कुर्त्याच्या खिशात पेचकस तसाच होता. शहबाजनं घाईघाईनं कॅसेट मागं घेतली. शर्लीनं पुन्हा विचारलं, आणि चांदनं, जन्मात कधी न नाचलेल्या माणसानं, बायकोच्या ओल्या मेहंदीला धक्का लागू नये म्हणून जरा लांब उभं राहून, स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि ठोकली.

एकदा. दोनदा. तीनदा.